शंका-समाधान : स्पीकिंगला ‘पार्क’ आला तर

गेल्या महिन्यात आयेल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीतल्या स्पीकिंग परीक्षेबद्दल लिहिताना मी ओझरतं म्हटलं होतं, की ‘तुम्हाला बागेत जायला आवडतं का?’ हा प्रश्न सगळ्यांत सोपा वाटतो आणि भलीभली मुलं तिथेच अडखळतात. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सदर बागेलाच दिलं आहे.

नवीन वाचकांसाठी आधी परीक्षेचा आराखडा सांगते. परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. पहिल्या भागात चार-पाच मिनिटं तुमच्या रोजच्या आयुष्यावर छोटे छोटे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात हातात एक कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं तुम्ही एकट्याने बोलायचं असतं. तिसऱ्या भागात त्याच विषयाला धरून जरा खोलातली चर्चा होते, पुन्हा चार-पाच मिनिटं. गुण चार गोष्टींना आणि चारही सारखेच: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. या चारांत ‘माहिती’ नावाचा रकाना नाही. तेवढं डोक्यात पक्कं बसवा आणि मग पुढची पत्रं वाचा.

बार्शी तालुक्यातला एक विद्यार्थी लिहितो:
मॅडम, आमच्या गावात बागच नाही. क्लासमध्ये लंडनच्या हाइड पार्कवर एक उत्तर लिहून दिलंय, ते सगळ्यांनी पाठ केलंय. मी लंडन पाहिलेलं नाही. परीक्षकाला कळेल का? की गावात बाग नाही असं खरं सांगितलं तर मार्क जातील?

खरं सांगितलं तर एकही गुण जात नाही. कल्पनेतली बाग सांगितली म्हणूनही जात नाही, कारण परीक्षक तुमच्या गावची चौकशी करायला बसलेला नसतो. तुम्हाला बुडवेल ते पाठांतर. पाठ केलेलं वाक्य कानाला लगेच कळतं. त्याची गती वेगळी असते, सूर सपाट असतो आणि पुढचा साधा प्रश्न आला की आवाजच बदलतो. परीक्षक रोज अशी उत्तरं ऐकतात. तेवढा भाग ते बाजूला ठेवतात आणि पाठांतराबाहेरच्या तुमच्या दोन-चार वाक्यांवरून पातळी ठरवतात.

माझ्याकडे सरावाला आलेल्या एका मुलाने असाच हाइड पार्क सुरू केला. तळं झालं, बदकं झाली, हिरवळ झाली. मी मध्येच विचारलं, “वेअर डिड यू सिट?” मुलगा गप्प. बाकावर, गवतावर, तळ्याच्या काठावर, काहीही चाललं असतं. पण तो तिथे कधी बसलाच नव्हता, त्याच्या डोळ्यांसमोर काही येईना. मग मी विचारलं, उन्हाळ्यात दुपारी तुमच्या गावात लोक कुठे बसतात? तो म्हणाला, “अंडर द ट्री, मॅडम. बिग ट्री. माय ग्रँडफादर अँड हिज फ्रेंड्स प्लेइंग कार्ड्स.” व्याकरण मोडकं होतं, पण इंग्रजी त्याचं स्वतःचं होतं. आणि मोडकं वाक्य दुरुस्त करता येतं. जे वाक्य मुळात आपलं नाही, त्याची दुरुस्ती कशी करणार?

गावात बाग नसेल, पार तर असेल? वडाचा नाहीतर पिंपळाचा, दगडी बांधलेला. सकाळी म्हातारी माणसं, दुपारी पत्ते, संध्याकाळी एसटीतून उतरलेला माणूस पिशवी टेकवून दोन मिनिटं टेकतो तो पार. त्याबद्दल बोला. “देअर इझ नो पार्क इन माय व्हिलेज, बट देअर इझ अ ह्यूज बॅनियन ट्री विथ अ स्टोन प्लॅटफॉर्म अराउंड इट, अँड दॅट्स वेअर एव्हरिवन सिट्स इन द ईव्हनिंग.” या एका वाक्यात तीन उपवाक्यं आली आणि एकही अवघड शब्द आला नाही. ‘पार’ हा आपला शब्दही बिनधास्त वापरा, “वी कॉल इट अ पार” म्हणा आणि लगेच अर्थ सांगा. नेमका इंग्रजी शब्द नसताना गोष्ट समजावून सांगता येणं, याला शब्दसंपत्तीच्या रकान्यात किंमत आहे.

पहिल्या भागात एका प्रश्नाला दोन-तीन वाक्यं पुरतात. ‘नो’ म्हणा, कारण सांगा, त्याऐवजी काय आहे ते सांगा आणि थांबा.

मिरजेची नर्सिंगची विद्यार्थिनी लिहिते:
सरावात ‘डिस्क्राइब अ पार्क यू एन्जॉइड व्हिजिटिंग’ असं कार्ड आलं. सांगलीच्या आमराईवर बोलले, पण चाळीस सेकंदांत संपलं. झाडं आहेत, हवा चांगली आहे, लोक फिरायला येतात, यापुढे काय बोलायचं? लहानपणी आजोबांबरोबर मी तिथे खूपदा गेले आहे, तरी सुचत नाही. मला स्पीकिंगमध्ये ७ बँड हवेत.

पत्राच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलं आहे आणि ते बोलताना विसरलात. आजोबा कुठे गेले? झाडं, हवा, फिरणारे लोक ही तिन्ही वाक्यं महाराष्ट्रातल्या कुठल्याही बागेला लागू पडतात. ती संपणारच, कारण त्यांच्या पुढे काही घडत नाही. आमराईतला एक दिवस धरा. एकच. मग बोलणं आपोआप पुढे सरकतं, कारण दिवसाला सुरुवात असते, मध्ये काहीतरी होतं आणि घरी परत यावं लागतं.

विचाराच्या एका मिनिटात वाक्यं लिहू नका. मिनिटभरात एक-दीड वाक्य होतं आणि मग तुम्ही ते वाचत बसता. पाच शब्द लिहा, मराठीत लिहिले तरी कुणी हरकत घेत नाही. सायकल. पाऊस. शेंगदाणे. आता. एकटी. एवढ्या पाच खुंट्यांवर दोन मिनिटं टांगता येतात. मी तुमच्या आजोबांना पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं नमुन्यापुरतं आहे:

“द पार्क आय वॉन्ट टु टॉक अबाउट इझ कॉल्ड आमराई, विच मीन्स अ मँगो ग्रोव्ह. वेन आय वॉज अबाउट सिक्स, माय ग्रँडफादर युज्ड टु टेक मी देअर ऑन हिज बायसिकल. वन ईव्हनिंग इट स्टार्टेड रेनिंग, अँड वी हॅड टु स्टँड अंडर अ ट्री फॉर हाफ ॲन अवर. ही हॅड अ पेपर कोन ऑफ पीनट्स इन हिज पॉकेट, अँड वी एट देम वन बाय वन टु मेक देम लास्ट. आय हॅवन्ट बीन देअर सिन्स ही डाइड. बट इफ आय गेट अ फ्री ईव्हनिंग बिफोर आय लीव्ह, आयड लाइक टु गो, जस्ट बाय मायसेल्फ.”

यात काय काय आलं ते मोजा. ‘इझ कॉल्ड’ हा कर्मणी प्रयोग. ‘युज्ड टु’, म्हणजे पूर्वी होती ती सवय. ‘स्टार्टेड’, ‘हॅड टु’, म्हणजे एकदा घडलेली गोष्ट. ‘हॅवन्ट बीन सिन्स’, म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत. ‘इफ आय गेट’, म्हणजे पुढची शक्यता. व्याकरणाचा आवाका दाखवा असं परीक्षेची पुस्तकं सांगतात आणि मुलं आवाका दाखवायला ओढूनताणून वाक्यं घालतात. त्याची गरज नाही. एका खऱ्या दिवसाची गोष्ट सांगायला घेतली की भूतकाळ, सवय, आज आणि उद्या हे सगळे काळ लागतातच. झाडं आहेत, हवा आहे, लोक आहेत, यात ‘इझ’ आणि ‘आर’ सोडून दुसरं क्रियापद यायला जागाच नसते.

शेंगदाणे एकेक करून खाल्ले, या वाक्यावर मुद्दाम थांबते. ‘टु मेक देम लास्ट’, म्हणजे पुरवून पुरवून. यातला प्रत्येक शब्द तुम्ही पाचवीत शिकला आहात. पण तो असा वापरणाऱ्याला भाषा येते, हे ऐकणाऱ्याला तत्काळ कळतं. तुमच्या आजोबांच्या खिशात शेंगदाण्यांऐवजी लिमलेटच्या गोळ्या असतील तर त्या काढा. माझं उत्तर मात्र पाठ करू नका. नाहीतर मिरजेतून परीक्षेला बसणाऱ्या सगळ्या मुलींचे आजोबा एकाच पावसात आमराईत उभे राहतील.

कार्डावर खाली तीन-चार मुद्दे छापलेले असतात: बाग कुठे आहे, कशी दिसते, तिथे काय केलंत, का आवडली. ते आधारासाठी आहेत. त्यांना समान वेळ द्यायची सक्ती नाही. ‘कुठे आहे’ला एक वाक्य द्या, ‘काय केलंत’ला सव्वा मिनिट द्या. अडकलात तर कार्डावरच्या ‘का’कडे पाहा, तिथे नेहमी आणखी वीस सेकंद सापडतात.

पुण्याहून एक आयटीतला वाचक विचारतो:
आम्ही संभाजी बागेला संभाजी गार्डनही म्हणतो आणि संभाजी पार्कही. इंग्रजीत नक्की काय म्हणायचं? आणि मुंबईच्या मित्राने शिवाजी पार्क सांगितलं तर ते पार्क की ग्राउंड?

हा प्रश्न मला फार आवडला. आपण ‘गार्डन’ हा शब्द ‘बाग’चा जुळा भाऊ असल्यासारखा वापरतो. ब्रिटिश इंग्रजीत नुसतं ‘गार्डन’ म्हटलं की बहुधा घराची बाग, मागची किंवा पुढची. ‘आय गो टु गार्डन एव्हरी मॉर्निंग’ ऐकलं की तिकडचा माणूस समजतो, हे रोज सकाळी आपल्याच अंगणात जातात. सार्वजनिक, चार लोकांची जागा म्हणजे ‘पार्क’, आणि त्याच्या आधी ‘द’ हवा: ‘आय गो टु द पार्क.’ घसरगुंडी-झोपाळ्यांचा कोपरा म्हणजे ‘प्लेग्राउंड’. घसरगुंडी ‘स्लाइड’, झोपाळा ‘स्विंग’. आपण बागेला ‘राउंड’ मारतो. इंग्रजीत ‘आय वॉक अ फ्यू लॅप्स’ म्हणा.

विशेषनामं मात्र जशी आहेत तशीच ठेवा. एम्प्रेस गार्डन हे एम्प्रेस गार्डनच. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. आखून-रेखून, विशिष्ट शैलीत रचलेल्या जागेला ‘गार्डन’च शोभतं, म्हणून तिथे ‘अ जॅपनीज गार्डन’ अगदी बरोबर. बोरिवलीच्या नॅशनल पार्कबद्दल बोलणार असाल तर सांभाळा. तो शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचा जंगलाचा पट्टा आहे, तिथे बिबटे आहेत, कान्हेरीची लेणी आहेत. परीक्षकाने ‘पार्क’ विचारल्यावर तुम्ही बिबट्या काढलात तर आधी एका वाक्यात फरक सांगा आणि मग खुशाल जंगलात शिरा. तो फरक सांगणंही चांगलं इंग्रजी आहे.

शिवाजी पार्क हे नावाने पार्क आणि स्वभावाने मैदान. १९२७ पर्यंत त्याचं नाव माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी महाराजांच्या नावाचं झालं. तुमच्या मित्राला सांगा, “इट्स कॉल्ड शिवाजी पार्क, बट इट्स रिअली अ मैदान, अ बिग ओपन ग्राउंड वेअर डझन्स ऑफ क्रिकेट मॅचेस गो ऑन ॲट वन्स.” ‘मैदान’ हा शब्द इंग्रजी कोशांत आहे. आणि कट्टा सोडू नका. मैदानाभोवतीच्या त्या बुटक्या भिंतीवर बसून कोण काय करतं, एवढ्यावरच दुसरा भाग निघेल.

नागपूरची एक वाचक लिहिते:
माझ्या उत्तरात ‘ग्रीनरी’, ‘फ्रेश एअर’, ‘पीसफुल’ हेच शब्द सारखे येतात. शिकवणाऱ्यांनी ‘व्हर्डंट’, ‘हसल अँड बसल’, ‘रिजुव्हनेट’ अशी यादी दिली आहे. ती वापरू का?

यादी घडी घालून ठेवून द्या. ‘ग्रीनरी’ चूक नाही, पण ती कुठलीच बाग दाखवत नाही. आणि ‘व्हर्डंट’ हा शब्द इंग्रज माणूस बोलताना क्वचितच काढेल. साध्या वाक्यांत तो एकटाच जरीकाठी दिसतो आणि परीक्षकाला यादी दिसते.

नागपूरच्या माणसाला बागेतून खरं काय हवं असतं? सावली. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा महाराजबागेत पाऊल टाकताना जो गारवा जाणवतो, त्याचे शब्द शोधा. ‘शेड’, ‘इन द शेड’, ‘शेडी’, ‘स्कॉर्चिंग हीट’, ‘कूल डाउन’, ‘यू कॅन फील द डिफरन्स द मोमेंट यू वॉक इन.’ ही शब्दांची जोड तुमच्या अनुभवाला चिकटलेली आहे, म्हणून ती ऐन वेळी विसरली जात नाही. बाग चांगली राखलेली असेल तर ‘वेल केप्ट’, दुर्लक्षित असेल तर ‘रन डाउन’, रविवारी पाय ठेवायला जागा नसेल तर ‘पॅक्ड ऑन संडेज’. ‘माइंड फ्रेश होतं’ याचं ‘माय माइंड बिकम्स फ्रेश’ करू नका, ‘इट क्लिअर्स माय हेड’ म्हणा. मोठे शब्द गोळा करण्यापेक्षा छोट्या शब्दांच्या अशा जोड्या जमवा. ६ आणि ७ बँडमधलं अंतर बरंचसं या जोड्यांचं असतं, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

नाशिकची एक शिक्षिका विचारते:
मी मराठी माध्यमात शिकवते. बोलताना वाक्यं मराठीत तयार होतात आणि मग इंग्रजी होतं. ठरावीक चुका कोणत्या, सांगाल का?

बागेच्या विषयात चार चुका हमखास सापडतात. ‘मी रोज जाते’ याचं ‘आय ॲम गोइंग डेली’ होतं. हवं ‘आय गो एव्हरी डे’. ‘पाच वर्षांपासून जातेय’ याचं ‘सिन्स फाइव्ह इयर्स आय ॲम गोइंग’ होतं. हवं ‘आयव्ह बीन गोइंग देअर फॉर फाइव्ह इयर्स’. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण लागतो, ‘फॉर’ला कालावधी. आपला लाडका ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन शेपटीला येतो, ‘इट इझ निअर माय हाउस ओन्ली’. तिथे ‘राइट नेक्स्ट टु माय हाउस’ म्हणा, ‘च’चा सगळा जोर ‘राइट’मध्ये येतो. आणि ‘वी एन्जॉइड अ लॉट’ अर्धवट राहतं, कारण ‘एन्जॉय’ला कर्म लागतं: ‘वी एन्जॉइड इट अ लॉट’ किंवा ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ह्ज’.

बोलताना चूक लक्षात आली तर सुधारा आणि पुढे चला. एखाद-दुसऱ्या सुधारणेने काही बिघडत नाही. प्रत्येक वाक्याला मागे फिरलात तर ओघ तुटतो, आणि ओघाचे गुण वेगळे आहेत.

कोल्हापूरचा वाचक विचारतो:
माझे उच्चार पक्के कोल्हापुरी आहेत. मित्र म्हणतात, थोडा ब्रिटिश ॲक्सेंट लाव. लावू का?

लावू नका. तुमचा कोल्हापुरी ढंग राहू दे, गुण स्पष्ट कळण्याला आहेत. पण काही ठिकाणी आपल्या सवयीने शब्दच बदलतो, तेवढं मात्र नीट करायला हवं.

पहिला शब्द ‘पार्क’च. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ हवेच्या झोताबरोबर बाहेर पडतो, आपल्या ‘फळ’मधल्या जुन्या ‘फ’च्या जवळ जातो. आपला ‘पाणी’तला ‘प’ कोरडा असतो. त्यामुळे इंग्रजी कानाला आपला ‘पार्क’ कधी कधी ‘बार्क’ ऐकू येतो, म्हणजे कुत्र्याचं भुंकणं नाहीतर झाडाची साल. पातळ कागदाची एक पट्टी ओठांसमोर धरा. आधी ‘पाणी’ म्हणा, पट्टी जेमतेम थरथरते. मग ‘पार्क’ असं म्हणा, की पट्टी समोर उडाली पाहिजे. दिवसातून दहा वेळा केलं की आठवड्यात ओठांना वळण लागतं. ‘टेक’मधल्या ‘ट’ला आणि ‘कूल’मधल्या ‘क’ला हाच नियम.

दुसरी जोडी ‘वॉक’ आणि ‘व्हिजिट’ची. लिहिताना आपण फरक करतो, बोलताना दोन्हीकडे तोच ‘व’ काढतो. ‘वॉक’ला ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करा, दात कुठेही लागता कामा नयेत. ‘व्हिजिट’ला वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवा. ‘वेन’ आणि ‘वेअर’लाही ओठ गोलच, म्हणून या लेखात मी ते ‘व्हेन’, ‘व्हेअर’ असे लिहिलेले नाहीत. तिसरी गोष्ट वजनाची. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हणतो. इंग्रजीत एकाच अक्षरावर भार पडतो: ‘रेक्रिएशन’मध्ये ‘ए’वर, ‘फॅसिलिटीज’मध्ये ‘सि’वर, ‘डेव्हलपमेंट’मध्ये ‘व्हे’वर. हे तीन शब्द बागेच्या चर्चेत हटकून येतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

ठाण्याचा एक वाचक लिहितो:
तिसऱ्या भागात ‘शहरांना बागांची गरज का आहे’, ‘बागांना प्रवेशशुल्क असावं का’ असे प्रश्न येतात. मला आकडेवारी माहीत नसते, म्हणून मी गडबडतो.

आकडेवारी कोणी मागितलेली नाही. मत सांगा, कारण द्या, एक उदाहरण द्या आणि जमलं तर दुसरी बाजू मान्य करा. मराठीत तुम्ही चहाच्या टपरीवर हेच करता.

शुल्काचा प्रश्न घ्या. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. पेंग्विन आल्यानंतर तिथलं तिकीट वाढलं आणि त्यावर बरंच बोललं गेलं. हे उदाहरण मुंबई-ठाण्याच्या कुणालाही हाताशी आहे. “आय थिंक इट डिपेंड्स ऑन द काइंड ऑफ पार्क. अ झू हॅज टु फीड इट्स ॲनिमल्स, सो अ टिकेट मेक्स सेन्स. बट अ नेबरहूड पार्क शुड बी फ्री, बिकॉज द पीपल हू नीड इट मोस्ट आर द वन्स हू कान्ट पे.” शेवटचं वाक्य बोलताना मनापासून बोला. दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या घराला बाग ही बैठकीची खोली असते. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्याचं सांगा.

गरज का आहे, याला ‘ऑक्सिजन’ हे ठोकळेबाज उत्तर सगळेच देतात. त्याऐवजी माणसांकडे पाहा. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला आणि पुढे तो जगभर गेला. सकाळी सहाला अनोळखी म्हातारी माणसं एकत्र येऊन हसू शकतील अशी दुसरी कुठली फुकट जागा शहरात आहे? परीक्षेत हा प्रश्न उलटा करून मांडा: “वेअर एल्स कॅन ओल्ड पीपल मीट विदाउट स्पेंडिंग मनी?”

पणजीहून एक वाचक विचारते:
मी गार्सिया दे ओर्ता बागेवर बोलत होते. रंगात आले होते आणि परीक्षकाने मध्येच ‘थँक यू’ म्हणून थांबवलं. माझं काही चुकलं का?

काही चुकलं नाही. दोन मिनिटं झाली की थांबवणं हे त्यांचं काम आहे, प्रत्येकाला थांबवतात. रंगात आला होतात हे उत्तम लक्षण आहे. प्रश्न कळला नाही तर “सॉरी, कुड यू से दॅट अगेन?” असं विचारायलाही घाबरू नका, त्याने गुण कमी होत नाहीत.

परभणीचे एक पालक लिहितात:
माझी मुलगी मराठी माध्यमातली. लिहायला-वाचायला हुशार आहे, पण घरात इंग्रजी बोलायला कोणी नाही. मला स्वतःला येत नाही. मी तिची कशी मदत करू?

काका, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्हाला इंग्रजी येत नाही याने काही अडत नाही. फक्त संध्याकाळी अर्धा तास तिच्याबरोबर घराबाहेर पडा. बाग असेल तर बाग, नसेल तर देवळाची ओवरी, शाळेचं पटांगण, जिथे चार माणसं दिसतात अशी कुठलीही जागा चालेल. पहिली दहा मिनिटं तिला मराठीतच विचारा: तो भेळवाला कांदा कसा चिरतोय, त्या आजी आज एकट्याच का बसल्यात, ते पोर कशाला रडतंय? तिला आधी बघायची सवय लागू दे. मग ती मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करेल आणि आत्ता पाहिलेल्यातलं एकच काहीतरी दोन मिनिटं इंग्रजीत सांगेल. तुम्ही घड्याळ धरा. ती थांबली तर हात हलवून ‘पुढे’ म्हणा, चुका काढू नका.

पहिल्या दिवशी पस्तीस सेकंदांत संपेल. संपू दे. ते रेकॉर्डिंग पुसू नका, पंधराव्या दिवशी दोघं मिळून ते आणि त्या दिवसाचं एकापाठोपाठ एक ऐका. तुम्हाला शब्द कळणार नाहीत, पण ती कुठे थांबते आणि कुठे न थांबता बोलत राहते, ते तुमच्या कानाला बरोबर कळेल. जिथे ती न थांबता बोलली, तिथे कशाबद्दल बोलत होती ते तिला विचारा आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर जाऊन बसा. पंधरा दिवसांनी मला पत्राने कळवा. तिला ‘भेळेवर कैरी किसून घालतात’ हे इंग्रजीत सांगता येत नसेल तर तेही लिहा, पुढच्या अंकात त्याचं उत्तर देईन.